वाचलेला वेळ कोणाचा?

डॉक्टर रोग्याच्या घरी येत नाही, रोगी दवाखान्यात जात नाही, दोघांच्या मध्ये एक टेलिफोन असतो किंवा तळहाताएवढा पडदा असतो, आणि तरीही विचारपूस होते, औषध लिहून मिळते व बहुतेक वेळा रोगी बराही होतो. याचे आता कोणाला नवल वाटत नाही. २०२० च्या मार्च महिन्यात कोरोनाची साथ आली, लोकांनी घराबाहेर पडू नये असे हुकूम निघाले, तेव्हा इस्राएलमधील कुपत-खोलिमचे डॉक्टर मोठ्या संख्येने टेलिफोनवरून रोगी पाहू लागले. साथ ओसरली, दवाखाने पूर्ववत उघडले, पण टेलिफोन काही गेला नाही. तो जाणारही नाही. तेव्हा अशा दुरून होणाऱ्या उपचाराला उपचार म्हणावे की नाही, हा वाद आता मिटल्यातच जमा आहे. माझ्या मते विचार करण्यासारखा प्रश्न निराळा आहे, आणि तो डॉक्टरांपेक्षा दुखणेकऱ्याच्या घरच्यांना, म्हणजे तुम्हाआम्हाला, विचारला पाहिजे. टेलिफोनमुळे जाण्यायेण्याचा जो वेळ वाचतो, तो वेळ कोणाचा?

प्रथम या सोयीचे ऋण मान्य करू. आपली माणसे पन्नास-साठ सालांच्या सुमारास या देशात आली, तेव्हा त्यांतील पुष्कळांना दिमोना, येरुहाम, बेरशेबा, किर्यत गत, लोद, अश्दोद अशा गावी घरे मिळाली. यांतील काही गावे आज मोठी शहरे झाली आहेत. पण दिमोना-येरुहामच्या माणसाला मोठ्या इस्पितळासाठी अजूनही बेरशेबाचा रस्ता धरावा लागतो. १९९४ साली राष्ट्रीय आरोग्य विम्याचा कायदा झाला, १९९५ च्या जानेवारीपासून तो अंमलात आला, आणि देशातील प्रत्येक रहिवाशाला चारांपैकी एका कुपत-खोलिमचे सभासद होण्याचा हक्क मिळाला. हक्क सर्वांना सारखा मिळाला, पण रस्ता सर्वांना सारखा नव्हता. दक्षिणेतील एखाद्या म्हातारीला स्पेशालिस्टकडे न्यायचे म्हणजे आधी तोर मिळवायचा, मग बस, बरोबर मुलगी, आणि त्या मुलीची कामावरून रजा, एवढे सारे जमवावे लागते. रक्तदाबाची तीच गोळी पुन्हा लिहून घ्यायची, रक्त तपासल्याचा आकडा समजून घ्यायचा, गोळी जेवणाआधी घ्यावी की नंतर हे विचारायचे, यासाठी एवढा खटाटोप कशाला? ही कामे टेलिफोनवर दहा मिनिटांत होतात, आणि चांगली होतात. १९ जून २०२५ रोजी इराणचे क्षेपणास्त्र बेरशेबाच्या सोरोका इस्पितळावर येऊन आदळले. तशा दिवसांत माणूस मिक्लातमध्ये बसलेला असताना डॉक्टरचा आवाज त्याच्या कानापर्यंत पोहोचणे ही लहान गोष्ट नव्हे.

तरीही जुनी माणसे मान हलवतात आणि म्हणतात, "नाडी न पाहता कसला आला डॉक्टर?" त्यांना हसू नये, त्यांच्या म्हणण्यात काय तथ्य आहे ते पुढे पाहू. पण डॉक्टर आणि रोगी यांच्यामधले अंतर काही आज निर्माण झालेले नाही. १८१६ साली पॅरिसमध्ये लाएनेक नावाच्या डॉक्टरला एका तरुण बाईच्या छातीला कान लावण्याचा संकोच वाटला. त्याने कागदाची सुरळी केली, तिचे एक टोक बाईच्या छातीवर ठेवले, दुसरे आपल्या कानाशी धरले, आणि त्याला हृदयाचे ठोके अधिकच स्पष्ट ऐकू आले. स्टेथोस्कोप जन्मला तो असा. जे साधन आज डॉक्टरच्या गळ्यात पाहून आपल्याला धीर येतो, ते मुळात वीतभर दूर राहण्यासाठी निघाले होते! पुढे १८७६ साली बेलला टेलिफोनचे पेटंट मिळाले, आणि तीनच वर्षांनी, १८७९ मध्ये, लंडनच्या लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक हकीकत छापून आली. मध्यरात्री एक मूल खोकू लागले. घसा धरणारा जीवघेणा रोग तर नव्हे ना, या भीतीने घरच्यांनी डॉक्टरला टेलिफोन केला. डॉक्टरने मुलाला यंत्राजवळ धरायला सांगितले, खोकला ऐकला, आणि तो रोग नव्हे असे सांगून सर्वांना झोपायला लावले. १९०५ साली हॉलंडमधील लायडन येथे आइन्टहोवेन या शास्त्रज्ञाने इस्पितळातील रोग्याच्या हृदयाचा आलेख टेलिफोनच्या तारेवरून सुमारे दीड किलोमीटर दूर असलेल्या आपल्या प्रयोगशाळेत उतरवून घेतला. आपल्या इस्राएलमध्ये १९८७ साली स्थापन झालेल्या शाहल या कंपनीने हाच आलेख घरच्या टेलिफोनवरून केंद्राकडे पाठवण्याची सोय वर्गणीदारांना करून दिली. आज टायटो नावाचे, इथेच तयार झालेले उपकरण आईने मुलाच्या कानाशी, घशाशी किंवा छातीवर धरले, की दूरचा डॉक्टर कान पाहतो, घसा पाहतो, श्वास ऐकतो. म्हणजे दोनशे वर्षे हे अंतर हळूहळू वाढतच आले आहे, आणि प्रत्येक पायरीवर कोणीतरी मान हलवली असणारच.

शिवाय अंतर काही नुसते मैलांचे नसते. लाजेचेही अंतर असते. मुंबईत १८८६ साली कामा इस्पितळ उघडले, ते स्त्रियांसाठी, आणि तिथे डॉक्टरही स्त्रियाच नेमल्या गेल्या. कारण शहरात पुरुष डॉक्टर असूनही पुष्कळ बाया त्यांच्यापुढे आपले दुखणे सांगत नसत. दवाखाना दोन गल्ल्यांवर असला तरी त्यांच्या लेखी तो समुद्रापार होता. आपल्या समाजाच्या डॉ. जेरुशा झिराड यांनी त्याच इस्पितळाची धुरा १९२८ पासून १९४७ पर्यंत सांभाळली आणि १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली, हे आपल्यातील वडीलधाऱ्यांना ठाऊक असेलच. लाजेचे अंतर टेलिफोनने कधीकधी तुटते. मनाचे दुखणे असलेला माणूस मानसोपचाराच्या दवाखान्याच्या दारात शिरताना चारही बाजूंना पाहतो, की कोणी ओळखीचे तर नाही. आपला समाज लहान, एकाची बातमी दुसऱ्याला कळायला वेळ लागत नाही. "अमक्याचा मुलगा तिथे दिसला" एवढे वाक्य एखाद्या मुलीचे लग्न अडवायला पुरते. त्याच माणसाला आपल्या खोलीचे दार लावून डॉक्टरशी बोलता येत असेल, तर ते त्याच्यावर उपकारच आहेत. दूर असणे म्हणजे नेहमीच उणे असणे नव्हे.

आता जुन्या माणसांच्या म्हणण्यातले तथ्य पाहू. काही गोष्टी तारेतून जात नाहीत. पोटात उजव्या बाजूला खाली दाबले असता रोगी कसा दचकतो, हे हाताला कळते. छातीतली गाठ बोटांना कळते. माणूस खोलीत कसा चालत आला, खुर्चीवरून उठताना त्याने कशाला धरले, हे तो आत येतानाच दिसून जाते. ते कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही. फोटोत अंगावरचा चट्टा दिसतो, पण तो दाबल्यावर विरतो की तसाच राहतो, हे दिसत नाही. यंत्रावरही डोळे मिटून विसंबू नये. बोटाला लावून रक्तातला प्राणवायू मोजायचा चिमटा कोरोनाच्या दिवसांत घरोघरी आला. २०२० च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतील डॉक्टरांनी दाखवून दिले, की काळ्या वर्णाच्या रोग्यांत प्राणवायू धोक्याइतका कमी झालेला असूनही चिमटा ठीक आकडा दाखवतो, आणि असे गोऱ्या रोग्यांच्या जवळजवळ तिप्पट वेळा घडते. आपल्या सावळ्या माणसांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. आकडा चांगला आहे, पण आजोबांना बोलताना दम लागतो आहे, असे असेल तर दम खरा मानावा.

भारत सरकारने २५ मार्च २०२० रोजी टेलिमेडिसिनचे नियम प्रसिद्ध केले. त्यांत एक गोष्ट फार शहाणपणाची आहे. डॉक्टर आणि रोगी या दोघांपैकी कोणालाही, कोणत्याही क्षणी, आता हे बोलणे पुरे, प्रत्यक्ष भेटू, असे म्हणण्याचा अधिकार आहे. काही औषधे अशा रीतीने मुळीच लिहून द्यायची नाहीत, हेही तिथे सांगितले आहे. या नियमांची गरज का होती? २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे महाराष्ट्रातील एक दुःखद प्रकरण आले होते. बाळंतपणाच्या शस्त्रक्रियेनंतर एक बाई आजारी पडून पुन्हा इस्पितळात आली, तेव्हा तिच्याजवळ डॉक्टर नव्हता, औषधे टेलिफोनवरून सांगितली गेली आणि ती दगावली, असा आरोप होता. न्यायालयाने डॉक्टरांना अटकपूर्व जामीन नाकारला. त्या वेळी पुष्कळ डॉक्टरांना वाटले, की टेलिफोनवर बोलणे हाच गुन्हा ठरला. मला वाटते, त्या प्रकरणातून सामान्य माणसाने घ्यायचा बोध वेगळा आहे. आवाज दूर होता ही अडचण होतीच, पण खाटेजवळ जाणता माणूस कोणी नव्हता, ही अडचण त्याहून मोठी होती.

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे येतो. डॉक्टरची भेट ही एक गोष्ट दिसते, पण तिच्यात दोन गोष्टी एकत्र बांधलेल्या होत्या. एक त्याचे ज्ञान आणि दुसरे त्याचे येणे. कोकणातल्या गावी किंवा मुंबईच्या चाळीत ज्यांचे लहानपण गेले, त्यांना काळी बॅग घेऊन जिना चढणारा डॉक्टर आठवत असेल. तो नाडी पाहायचा, जीभ पाहायचा, औषध लिहून द्यायचा. पण त्याआधी, दारातून खाटेपर्यंत येताना, त्याने भिंतीची ओल पाहिलेली असे, उघडा राहिलेला पाण्याचा हंडा पाहिलेला असे, आणि गेल्या खेपेच्या औषधाची भरलेली बाटली तशीच फळीवर आहे हेही पाहिलेले असे. "औषध घेता ना?" असे टेलिफोनवर विचारले तर रोगी "हो" म्हणतो. बाटली खोटे बोलत नाही.

आपल्या धर्मशास्त्राने ही गोष्ट फार पूर्वी ओळखली होती. बिक्कूर-खोलिम, म्हणजे आजाऱ्याला भेटायला जाणे, ही आपल्याकडे मोठी मित्स्वा मानली जाते. तालमूदमध्ये नेदारिम या भागात रब्बी अकिवा यांची गोष्ट आहे. त्यांचा एक शिष्य आजारी पडला आणि विद्वानांपैकी कोणी त्याच्याकडे फिरकले नाही. रब्बी अकिवा स्वतः गेले. ते आले म्हणून खोली झाडली गेली, जमिनीवर पाणी शिंपडले गेले, आणि तो शिष्य बरा झाला. आपल्याला जीवदान मिळाले असे त्याने आपल्या गुरूला सांगितले. पाहा, रब्बींनी औषध दिल्याचे या गोष्टीत कुठे नाही. झाडू आणि पाणी आहे. तेराव्या शतकातील रम्बान यांनी या मित्स्वाची कारणे सांगताना हेच धरले आहे: आजाऱ्याची गरज काय आहे ती पाहून भागवावी, त्याचे मन हलके करावे, आणि त्याच्यासाठी प्रार्थना करावी.

टेलिफोन आल्यावर प्रश्न निघणारच होता, की टेलिफोनवर विचारपूस केली तर ही मित्स्वा पुरी होते का? न्यूयॉर्कचे रब्बी मोशे फाइनस्टाइन (१८९५–१९८६) यांना तो विचारला गेला. त्यांचे उत्तर दोन्ही बाजूंना न्याय देणारे आहे. ज्याला जाणे शक्यच नाही त्याने टेलिफोन करावा, तेवढा भाग त्याच्या पदरी पडतो. पण ज्याला जाता येते त्याची मित्स्वा टेलिफोनने पूर्ण होत नाही. जो जातो तो डोळ्यांनी पाहतो, आणि पाहिल्याने मन हलते ते ऐकल्याने हलत नाही. हा निवाडा भेटीला जाणाऱ्यांसाठी होता, डॉक्टरांसाठी नव्हे. तरी आजच्या आपल्या प्रश्नाला तो तंतोतंत लागू पडतो असे मला वाटते.

कारण असे, की टेलिफोनने डॉक्टरचे ज्ञान घरात आणून दिले, पण त्याचे येणे बाहेर राहिले. ते येण्याचे काम कोणीतरी केलेच पाहिजे. ते काम नाहीसे झालेले नाही, ते हात बदलून आपल्याकडे आले आहे. आणि नेमक्या याच वेळी आपल्यालाही वाटते, की आता जायची गरज उरली नाही.

एक साधे उदाहरण घेऊ. मुलगा तेल अवीवच्या बाजूला नोकरीला, आई दक्षिणेत एकटी. पूर्वी दर तीन महिन्यांनी तो एक दिवसाची रजा काढून आईला बेरशेबाला स्पेशालिस्टकडे नेत असे. तपासणी वीस मिनिटांची, बाकी सारा दिवस बसमध्ये, रांगेत, बाकावर. त्या बाकावर तिला दोनचार मराठी बोलणाऱ्या बाया भेटत. कोणाच्या नातीचे लग्न ठरले, कोण वारले, कोण भारतात जाऊन आले, सारे कळे. परतताना मायलेक कुठेतरी चहा प्यायला बसत. आता तीच तपासणी टेलिफोनवर होते. मुलगा ऑफिसातूनच डॉक्टर आणि आई यांच्याशी एकाच वेळी बोलतो, पंधरा मिनिटांत काम आटोपते. औषध अचूक, खर्च नाही, रजा नाही. उपचार पूर्वीपेक्षा चांगलाच झाला. आणि आईला तीन महिने कोणी पाहिलेले नाही.

यात कोणाची लबाडी नाही. डॉक्टरने आपले काम केले, मुलाने आपले केले. कुपत-खोलिमचा वेळ वाचला, तो तिने दुसऱ्या रोग्यांना दिला, आणि तसे तिने करणे योग्यच आहे. मालकाचा वेळ वाचला, मुलाची रजा वाचली. फक्त आईचा दिवस गेला. तो दिवस तिच्या आजारपणाच्या नावाने मिळत होता, हे कोणाच्या लक्षात आले नाही. म्हणून मी म्हणतो, की वाचलेला वेळ हा कोणाला सापडलेला पैसा नव्हे. त्याला मालक आहे. जिच्या दुखण्यामुळे तो वेळ काढून ठेवला होता, तिचाच त्यावर पहिला हक्क.

आपल्या समाजात आणखी एक अडचण आहे, ती भाषेची. इथे साठ वर्षे काढूनही ज्यांची हिब्रू बाजारापुरतीच राहिली, अशा आज्या आपल्या पुष्कळ घरांत आहेत. टेलिफोनवर डॉक्टरशी बोलायला मग नातवाला बसवतात. नातू हुशार, पण त्याची मराठी घरगुती. आजी म्हणते, "पोटात कळ येते." नातू डॉक्टरला सांगतो, कोएव ला, दुखते आहे. आजी म्हणते, "गुडघा ठणकतो." कोएव ला. "पाठीत सणक मारते." कोएव ला. "छातीत भरून येते, जीव घाबरा होतो." तेही कोएव ला! कळ थांबून थांबून येते, ठणका सारखा चालू असतो, सणक विजेसारखी जाते, आग होणे निराळे, मुंग्या येणे निराळे, आणि छातीत भरून येणे तर डॉक्टरला ताबडतोब कळायला हवे. मराठीने दुखण्याला इतकी नावे दिली, आणि तारेतून एकच नाव पलीकडे गेले. दवाखान्यात निदान आजीचा हात छातीकडे गेलेला डॉक्टरला दिसला असता.

शिवाय काही गोष्टी आजी नातवासमोर बोलणारच नाही. लघवीची तक्रार आहे, अंगावरून जाते आहे, हे ती मनातच ठेवील आणि "सगळं ठीक आहे" म्हणेल. १९९६ साली या देशात रोग्यांच्या हक्कांचा कायदा झाला. त्याप्रमाणे रोग्याची खाजगी बाब जपली जाणे हा त्याचा हक्क आहे. दवाखान्याच्या दारामागे तो हक्क डॉक्टर सांभाळतो. घरी टेलिफोन चालू असताना तो कोण सांभाळणार? ज्या कामासाठी कामा इस्पितळ बांधावे लागले, ते दार आपण आपल्याच बैठकीच्या खोलीत पुन्हा लावून घेतो, आणि आपल्याला पत्ताही नसतो. म्हणून आजीसाठी बोलायला मुलगी, सून किंवा विश्वासातली शेजारीण बसवावी, आणि कोण बसावे हे आधी आजीला विचारावे.

या बाबतीत भारतातील एक व्यवस्था पाहण्यासारखी आहे. २०१९ च्या नोव्हेंबरपासून तिथे ई-संजीवनी नावाची सरकारी योजना चालू आहे. तिचे दोन प्रकार आहेत. एकात माणूस घरूनच डॉक्टरशी बोलतो. दुसऱ्या प्रकारात गावच्या आरोग्यकेंद्रावरची कर्मचारी रोग्याला आपल्याशेजारी बसवते, रक्तदाब मोजते, आणि मग दूरच्या डॉक्टरला पडद्यावर बोलावते. ज्ञान शहरातून येते, हात गावातला असतो. रोग्याच्या बोलीत त्याला समजावून सांगणारे माणूस त्याच्या बाजूलाच बसलेले असते. मला हा दुसरा प्रकार अधिक पटतो. प्रत्येक गावी डॉक्टर देणे सरकारला जमत नाही, पण रोग्याजवळ एक माणूस बसवणे आपल्यासारख्या लहान समाजालाही जमण्यासारखे आहे. आपल्या सिनेगॉगमध्ये किंवा वृद्धांच्या मंडळात दोनचार जण असे असावेत, ज्यांना मराठी आणि हिब्रू दोन्ही चांगल्या येतात आणि रक्तदाबाचे यंत्र लावता येते. ज्यांचे कोणी जवळ नाही त्यांच्या टेलिफोनच्या वेळी त्यांनी अर्धा तास जाऊन बसावे. ऐकलेले बाहेर बोलू नये, ही मात्र पहिली अट.

इथे कोणी म्हणेल, की तुम्ही भेटीगाठींचे फार कौतुक करता. सर्वच आजाऱ्यांना माणसे हवी असतात असे नाही. हे खरे आहे. एखादी पन्नाशीची बाई, नोकरी करते, मधुमेह सांभाळते, तिला दर वेळी कोणी सोबत यावे हे नकोच असते. टेलिफोनमुळे ती कोणावर अवलंबून राहिली नाही, याचा तिला अभिमान आहे, आणि तो योग्य आहे. एखाद्या म्हाताऱ्याला बसचा प्रवास म्हणजे यातना; त्याला घरी राहू दिले हीच दया. मी एवढेच म्हणतो, की वाचलेल्या वेळाचे काय करावे हे त्या आजाऱ्याने ठरवावे. तो म्हणाला, "येऊ नका, मी बरा आहे, टेलिफोन पुरे," तर न जाणे हाही त्याचा मानच आहे. पण हे त्याने म्हणावे लागते. आपण आपल्या सोयीने त्याच्या वतीने ठरवले, तर ते मान देणे नव्हे. आणि विचारायचे ते घाईत, दुसरे काम करता करता विचारू नये. आपली म्हातारी माणसे पहिल्या खेपेला "नको, कशाला त्रास" असेच म्हणतात, हे आपण सारे जाणतो. दुसऱ्यांदा विचारावे.

शेवटी चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. छातीत दुखले, तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले, हात लुळा पडला, तर टेलिफोनच्या तोरची वाट पाहू नये. १०१ ला फोन करून मागेन दाविद अदोमची गाडी बोलवावी. रोजच्या औषधांची यादी मोठ्या अक्षरांत लिहून टेलिफोनजवळ ठेवावी. बोलण्याच्या आधी आजाऱ्याच्याच शब्दांत तक्रार लिहून घ्यावी, कळ असेल तर कळ, ठणका असेल तर ठणका, आणि मग त्याला हिब्रू शोधावी. आणि डॉक्टरच्या बोलण्याने मनाचे समाधान झाले नाही, तर प्रत्यक्ष तपासा असे सांगायला संकोच करू नये.

आणि वर्षातून जे तीनचार दिवस पूर्वी आईच्या किंवा वडिलांच्या दवाखान्यात जात, ते दिनदर्शिकेवर तसेच राखून ठेवावेत. त्या दिवशी डॉक्टरकडे जायचे नसेल तर घरी जावे. फ्रिज उघडून पाहावा, औषधांचा डबा पाहावा, कोणती गोळी उरली आहे ते मोजावे, रात्री उठताना पाय कशाला अडतो ते पाहावे, आणि मग चहा ठेवायला सांगून जरा वेळ बसावे.